गिटारला आवाज हवा, पण कुणासाठी?



आपल्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न येतोच. "मुलगी अकूस्टिक गिटार शिकते, आता स्टेजवर वाजवायचंय. कुठला पिकअप घ्यावा? की पिकअपवाली नवीनच गिटार घ्यावी?" खाली वीस कॉमेंट येतात, त्यात वीस वेगळी नावं असतात, आणि विचारणारी आई आधीपेक्षा जास्त गोंधळते. या वर्षी आम्ही हे सगळं इथे कायझर्सलाउटर्नमध्ये करून बघितलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. लेक चौदा वर्षांची आहे. स्टीलच्या तारांची गिटार, पिक न वापरता बोटांनी वाजवते आणि सोबत हळू आवाजात गाते. गिटार माझ्या बाबांची, मिरजेहून आणलेली. गेल्या वर्षी गणपतीत तिने एक भावगीत बसवलं होतं, साथीला तबला. घरी फार छान व्हायचं. हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणसं, मागे पोरांची धावपळ, बाजूला प्रसादाच्या ताटांची आदळआपट. गिटारसमोर गाण्याचाच एक माइक ठेवलेला. आवाज वाढवला की स्पीकर कुईऽऽ करून ओरडायचा, म्हणून कमी केला, आणि मग गिटार कुणालाच ऐकू आली नाही. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या मुलांनी कराओके ट्रॅकवर गाणी म्हटली, ती खणखणीत ऐकू आली. गाडीत बसल्यावर लेक एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी मीपण ट्रॅकवरच गाते."

मला ते फार लागलं. इथे वाढणारं मूल मराठी गाणं स्वतःच्या हाताने वाजवून म्हणतंय, हे किती वर्षं टिकेल याची तशीही खात्री नसते. ते एका वायरीपायी बंद पडू नये, असं वाटत होतं.

तसा दोष कुणाचाच नव्हता. गिटार मुळात लहान आवाजाचं वाद्य आहे आणि ही तक्रार फार जुनी आहे. सी. एफ. मार्टिन हा वाद्यं बनवणारा माणूस १८३३ मध्ये सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावातून न्यूयॉर्कला गेला, म्हणजे तोही आपल्यासारखाच घर सोडून गेलेला. त्याच्या कंपनीने १९१६ मध्ये मोठ्या पोटाची 'ड्रेडनॉट' गिटार काढली, आणि नाव दिलं एका ब्रिटिश युद्धनौकेचं! १९२० च्या दशकात आत धातूची तबकडी बसवलेल्या रेझोनेटर गिटारी आल्या, १९३० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार आली. या सगळ्यामागे एकच रड होती: बाकीच्या वाद्यांत गिटार ऐकू येत नाही.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. कायझर्सलाउटर्नच्या पश्चिमेला कूझेल, माकेनबाखकडच्या पट्ट्याला 'मुझिकांटेनलांड' म्हणतात. १९ व्या शतकात शेतीवर पोट भरेना म्हणून इथली हजारो माणसं छोटे बँड बांधून जगभर वाजवत फिरली. त्यांच्या हातात मुख्यतः पितळी वाद्यं होती, कारण रस्त्यावर आणि सर्कशीत ऐकू जायचं तर तसंच वाद्य लागतं. आपल्या गावच्या फाफ शिलाई मशीनचा संस्थापक गेओर्ग फाफ हाही आधी पितळी वाद्यंच बनवायचा, पहिलं शिलाई मशीन त्याने १८६२ मध्ये बनवलं. (लिश्टेनबेर्गच्या किल्ल्यावर आणि माकेनबाखमध्ये या फिरत्या वादकांची संग्रहालयं आहेत. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी जरूर जा.) ती माणसं गिटार घेऊन निघाली असती तर जत्रेत त्यांना कुणी विचारलं नसतं.

तर आता मुद्द्यावर. गिटारचा आवाज स्पीकरपर्यंत न्यायचे साधारण चार रस्ते आहेत.

१. समोर माइक

गिटारला हात लावावा लागत नाही, आणि आवाज सगळ्यात खरा येतो. माइक भोकासमोर धरायचा नाही, तिथे नुसतं घुमतं. मान जिथे पोटाला मिळते तिकडे रोखून, साधारण वीत-दीड वीत अंतरावर ठेवायचा. अडचण दोन प्रकारची. मुलाला हलता येत नाही, आणि तबला, टाळ्या, स्वतःचं गाणं हे सगळं त्याच माइकमध्ये शिरतं. आपल्या शहराच्या म्युझिकशूलेला ज्यांचं नाव आहे ते एमेरिख स्मोला इथल्या रेडिओ ऑर्केस्ट्राचे कंडक्टर होते. रेडिओ ऑर्केस्ट्राचं सगळं काम माइकवरच चालतं आणि उत्तम चालतं, कारण स्टुडिओत माइकसमोर ओरडणारा स्पीकर नसतो. आपल्या हॉलमध्ये तो असतो. सगळा फरक तिथेच पडतो.

२. भोकात बसवायचा मॅग्नेटिक पिकअप

हा स्टीलच्या तारेची हालचाल लोहचुंबकाने ओळखतो. दोन स्क्रू आवळले की बसला, सैल केले की निघाला. मोठ्या आवाजाच्या स्टेजवर सहसा ओरडत नाही. पण तो तारा ऐकतो, लाकूड फारसं ऐकत नाही, त्यामुळे आवाज थोडा इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो. आणि महत्त्वाचं: नायलॉनच्या तारांवर हा चालतच नाही. लहान मुलांना बहुधा नायलॉनवर शिकवतात, तेव्हा ऑर्डर करण्याआधी तारा बघा.

३. ब्रिजखालचा पिझो

पिकअपवाली गिटार म्हणून दुकानात जी मिळते तिच्यात बहुधा हाच असतो. तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली एक बारीक पट्टी घालतात. दाब पडला की काही पदार्थांत वीज तयार होते, हा गुणधर्म पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला, त्यावर हे चालतं. ओरडण्याचा धोका कमी, नायलॉनलाही चालतो, बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलांसाठी सोयीचा. जोरात वाजवलं की मात्र आवाज टणटणीत, थोडा प्लास्टिकसारखा होतो. नंतर बसवून घ्यायचा तर कारागिराकडेच द्या. पट्टी खालून अगदी सपाट घासावी लागते, नाहीतर एक तार मोठी आणि शेजारची मुकी. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना हे पटकन कळेल. घोडीवरची जवारी केसभर इकडची तिकडे झाली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

४. लाकडाला चिकटवायचा पिकअप

हाही पिझोच, पण तारेऐवजी लाकडाची थरथर ऐकतो. आतून ब्रिजच्या खाली चिकटवतात. बाहेरून पुट्टीने तात्पुरता लावायचेही मिळतात. आवाज लाकडी, मोकळा. बोटांनी वाजवणाऱ्यांना आवडतो. पण लाकूड ऐकतो म्हणजे स्पीकरने हलवलेलं लाकूडही ऐकतो, त्यामुळे ब्रिजखालच्या पिझोपेक्षा लवकर ओरडतो.

यांतले दोन एकत्र करणारे महाग प्रकारही आहेत, पिझो आणि आत छोटा माइक वगैरे. चौदा वर्षांच्या मुलीसाठी आम्ही तिकडे गेलो नाही.

आता हे "ओरडणं" काय असतं ते समजून घ्या, कारण निम्मी भीती त्याचीच असते. स्पीकरमधून आलेला आवाज गिटारच्या पोटाला हलवतो, पिकअप ते पुन्हा ऐकतो, पुन्हा स्पीकरला देतो, आणि चक्र सुरू होतं. गिटारच्या पोकळीचा स्वतःचा एक सूर असतो, मोठ्या गिटारीत साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. पाचवी तार, म्हणजे 'ए', ११० हर्ट्झची. म्हणून बहुतेक वेळा घुमायला तिथेच सुरुवात होते. उपाय स्वस्त आहेत. मिक्सरवर खालचे, म्हणजे बेसचे सूर कमी करायचे. भोकाला रबराचं झाकण मिळतं, ते लावायचं. स्पीकर वादकाच्या पुढे ठेवायचे, मागे नाही. प्रीअँपवर 'फेज' असं लिहिलेलं बटण असेल तर दाबून बघायचं, कधीकधी तेवढ्यानेच घुमणं थांबतं.

दुसरी गोष्ट आमच्या घरातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने, म्हणजे नवऱ्याने, समजावली. बॅटरी नसलेला पिझो थेट मिक्सरला लावला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो, आणि लोक म्हणतात पिकअप भंगार आहे. खरं तर पिझोची धार बारीक असते. मिक्सरचं इनपुट म्हणजे खाली मोठं भोक असलेली बादली. बारीक धारेने ती भरतच नाही, आणि सगळ्यात आधी जातो तो बेस. पिझोला निदान १० लाख ओहमचं, म्हणजे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. माइकच्या इनपुटला ते काही हजार ओहमच असतं. म्हणून मध्ये प्रीअँप किंवा पिझोसाठीचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स हवा. त्यातून पुढे माइकचीच तीन पिनांची केबल जाते, ती कितीही लांब नेली तरी खरखर येत नाही. कामगार्नमध्ये, म्हणजे आपल्या त्या जुन्या लोकरीच्या सूतगिरणीत, एखाद्या अकूस्टिक कार्यक्रमाला गेलात तर गाणाऱ्याच्या पायाशी बघा. ती छोटी डबी दिसेल.

आता आमच्या निवडीबद्दल.

लेकीच्या गिटारच्या टीचरने मॅग्नेटिक पिकअप आठवडाभर वापरायला दिला. एक साधा, बाहेरून चिकटवायचा पिकअप आम्ही मागवला. इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करता येते, आणि टोमानसारखं मोठं वाद्यांचं दुकान ३० दिवस देतं, त्यामुळे घरी आणून बघायला भीती नाही. आम्ही दोघं आधी "आवाज किती मोठा" यावरच बोलत होतो. लेक मात्र डोळे मिटून ऐकत होती. मॅग्नेटिकवर दोन ओळी वाजवल्या आणि म्हणाली, "छान आहे, पण ही आजोबांची गिटार नाही वाटत." चिकटवलेल्यावर वाजवलं, आणि काही न बोलता वाजवतच राहिली.

त्यानंतर तिने जे विचारलं ते आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. "आई, हॉलमध्ये मला माझी गिटार ऐकू येईल का?"

मंडळी, ही पोस्ट मी त्या प्रश्नासाठी लिहिते आहे. आपण सगळे प्रेक्षकांच्या बाजूने विचार करतो, कारण आपण प्रेक्षकांत बसतो, मोबाइल वर धरून. स्टेजवर स्पीकरचं तोंड लोकांकडे असतं. शेजारी तबला असतो. मुलाला स्वतःची गिटार ऐकू येत नाही, मग ते जोरात वाजवायला लागतं, लय सुटते, गाणं वरच्या पट्टीत सरकतं, आणि खाली उतरल्यावर ते म्हणतं, मला जमत नाही. गेल्या वर्षी नेमकं हेच झालं असणार. तिला प्रेक्षकांनी काय ऐकलं हे माहीत नव्हतं. तिला स्वतःलाच काही ऐकू आलं नव्हतं.

म्हणून आमच्या यादीत पिकअपच्याही वर एक गोष्ट गेली: मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड करून जमिनीवर ठेवायचा छोटा स्पीकर. हॉलच्या सामानात तो बहुधा असतो, पण मागितल्याशिवाय कुणी लावत नाही. तो अगदी गिटारच्या भोकावर रोखू नका, कानाकडे रोखा, आणि त्यात गिटार आणि तिचा आवाज एवढंच द्या.

राहिला भोकाचा प्रश्न. चिकटवलेला पिकअप कायमचा आत बसवायचा, तर गिटारच्या शेपटाकडे पट्ट्याची खुंटी असते तिथलं भोक साधारण १२ मिलिमीटरपर्यंत मोठं करून घ्यावं लागतं, त्यात जॅक बसतो. माझा जीव वरखाली. बाबांनी नोकरीला लागल्यावर घेतलेली गिटार, आणि तिच्यात ड्रिल? व्हिडिओ कॉलवर त्यांना विचारलं. मला वाटलं ते नको म्हणतील आणि मी सुटेन.

बाबांनी आधी विचारलं, "भोक कुठे?" मी दाखवलं. "तिथे आत काय आहे?" मी म्हटलं, जाड लाकडी ठोकळा. "मग आवाजाला काही होत नाही. वरच्या फळीला हात लावू देऊ नकोस." मग म्हणाले, "अगं, इथे सतारीला खुंट्या बसवतात त्या काय गोंदाने चिकटवतात का? भोकंच पाडतात की. पण मला काय विचारतेस? जी वाजवते तिला विचार." मिरजेतल्या माणसाला वाद्याचं कौतुक असतं, पण ते कपाटातल्या वाद्याचं नसतं. तिथल्या शिकलगारांनी हत्यारांचं काम करता करता तंतुवाद्यं बनवायला घेतली, त्या गल्लीत लहानपणापासून फिरलेले आहेत ते.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आत्ता नको. आधी एक वर्ष वाजवते, मग बघू." म्हणून सध्या पिकअप बाहेरूनच पुट्टीने चिकटतो, केबल पट्ट्याला बांधलेली असते, कार्यक्रम झाला की सगळं निघतं. दिसायला थोडं गबाळं आहे. तिला चालतं.

या वर्षीच्या गणपतीत आम्ही हॉलवर तासभर आधी गेलो. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं भरली की तीच माणसं, कपडे, जाकिटं आवाज पितात, म्हणून वरचे सूर नंतर किंचित वाढवावे लागले. बेस कापला, फेजचं बटण दाबून बघितलं, मॉनिटर तिच्याकडे वळवला. तबलावाल्या काकांनी स्वतःहून माइक लांब सरकवला. गाणं झालं. दुसऱ्या कडव्यात एकदा शब्द विसरली, दोन मात्रा नुसती गिटार वाजवत राहिली आणि पुढे गेली. गेल्या वर्षी हे शक्य नव्हतं, कारण धरून ठेवायला कानात काही नव्हतं. घरी येताना ट्रॅकचा विषय निघाला नाही, पुढचं गाणं कुठलं हा निघाला.

ज्यांना घाईत आहे त्यांच्यासाठी, आमच्या मते खर्चाचा क्रम असा ठेवा:

मूल कुठे वाजवणार हे आधी ठरवा. म्युझिकशूलेच्या खोलीत वीस पालकांसमोर वाजवायचं असेल तर काहीच घेऊ नका, तिथे गिटार नुसतीच ऐकू येते. फ्रुख्टहालेसारख्या मोठ्या, घुमणाऱ्या हॉलमध्ये असेल तर तिथल्या ध्वनी बघणाऱ्यांना आधी विचारा, त्यांच्याकडे चांगले माइक असतात.

तबला, ढोलकी किंवा बँडबरोबर असेल तर पिकअप हवाच. नायलॉन असेल तर पिझो. स्टील असेल तर दोन्ही ऐकून मुलाला ठरवू द्या.

पिकअपइतकेच पैसे प्रीअँप किंवा डीआयसाठी बाजूला ठेवा. पाचशेची गिटार बदलण्याआधी हे करून बघा.

अँप शेवटी. हॉलमध्ये स्पीकर असतातच. कॅफेत, बागेत, गल्लीतल्या फेस्टला वाजवायचं असेल तर अकूस्टिकचा वेगळा अँप कामाचा. आपल्या जर्मनीतल्या रेकलिंगहाउझेनच्या एईआर कंपनीचा कॉम्पॅक्ट ६० प्रसिद्ध आहे, ६० वॉट आणि उचलायला साडेसहा किलोच्या आसपास, पण किंमत बघून बसून घ्या. स्वस्तातलेही मिळतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोनचं भोक असलेलाच घ्या, रात्री दहानंतर शेजारी गप्प बसत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

आणि काहीही घेतलंत तरी, कार्यक्रमाआधी मुलाला स्टेजवर बसवून एवढंच विचारा: "तुला तुझं ऐकू येतंय ना?" हो म्हणालं की मग तुम्ही खाली जाऊन बसा.

तुमच्याकडे नायलॉनवर भजन किंवा अभंग वाजवणारं कुणी असेल तर काय वापरता ते कॉमेंटमध्ये जरूर लिहा. आमच्या ओळखीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला पुढच्या आषाढीला वाजवायचंय, आणि त्याची आई मला रोज मेसेज करते आहे.